वसंतरावांचा थंड चहा

वसंतराव धारूरकरांनी मला फसवलं. मला, म्हणजे काचीगुड्यात चहापत्तीचं दुकान चालवणाऱ्या बिरादाराला, ज्याला बेगम बाजारात आजवर कुणाला फसवता आलेलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढं बोलता बोलता मी त्यांच्याविषयी काही बरं बोलून गेलो, तर वाचणाऱ्यानं मूळ तक्रार विसरू नये.

मी भालकीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. हैदराबादेत आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात पोत्यांवर झोपत होतो. शाळा फार झाली नाही. शिकलो त्या दोनच गोष्टी: चहाची पत्ती तळहातावर घेऊन ओळखायला आणि भाव करायला. समोरच्यानं भाव सांगितला की माझ्या कानशिलात मुंग्या येतात. बेगम बाजारातले व्यापारी मला लांबून बघूनच कपाळाला हात लावतात. तो माझा मान आहे, आणि तो मी कमावलेला आहे. अशा माणसाला एका रिटायर्ड रेल्वे कारकुनानं थंड चहाच्या ग्लासापुढं दोन उन्हाळे बसवून ठेवलं.

हे गृहस्थ पहिल्यांदा दुकानात आले ते भर उन्हाळ्यात. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटण लावलेलं. एका खांद्यावर थर्मास, दुसऱ्या हातात छत्री. छत्री बंद.

"पत्ती द्या," म्हणाले. "दुधात जाणारी नको."

"मग कशात जाणार?"

"द्राक्षांत."

मी म्हणालो, "काका, दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे."

दुसरा असता तर तणतणत निघून गेला असता. हे स्टुलावर बसले. थर्मास उघडला, झाकणात काहीतरी ओतलं आणि माझ्यापुढं धरलं. रंग मधासारखा, आरपार दिसणारा. मी हुंगलं. चहा होता, पण थंडगार. आता, चहा थंड झाला की आमच्याकडं तो मोरीत ओततात. हैदराबादेत तर इराण्याच्या हॉटेलात जीभ पोळली नाही तर गिऱ्हाईक पोऱ्यावर ओरडतं. आणि हे चहावाल्याच्याच दुकानात येऊन त्याला थंड चहा पाजायला निघाले होते!

मी प्यालो. का प्यालो, ते उन्हाला ठाऊक. घशातून खाली उतरेपर्यंत मी बोललो नाही, आणि मी न बोलणं ही आमच्या गल्लीतली बातमी आहे.

"कसा आहे?"

"पत्ती भिकार आहे," मी म्हणालो. "कुणी दिली? त्याला उलटा टांगला पाहिजे."

"हौ, म्हणून तर तुमच्याकडं आलो," वसंतराव म्हणाले. "इत्मिनानानं निवडून द्या."

इत्मिनान! म्हणजे सावकाश, निवांत मनानं. हा त्यांचा लाडका शब्द. मला या शब्दाचा राग आहे. इत्मिनान ठेवणारा माणूस बाजारात लुटला जातो.

वसंतरावांनी सगळी नोकरी काचीगुडा स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत काढली. लोकांनी विचारायचं, यांनी सांगायचं. रेल्वेत गाडी वेळेवर असली तर कुणी विचारत नाही. म्हणजे जन्मभर यांनी फक्त उशीर सांगितला. पण त्यातही त्यांची एक पद्धत होती. नुसतं 'लेट आहे' म्हणायचे नाहीत. "लेट आहे, रद्द नाही," असं म्हणायचे. त्यांचं म्हणणं, पहिल्या दोन शब्दांनी माणूस खचतो आणि पुढच्या दोन शब्दांनी सामानावर बसतो. रिटायर झाल्यावरही सवय सुटली नाही. नळाला पाणी नाही? लेट आहे, रद्द नाही. गॅसचं सिलिंडर? लेट आहे, रद्द नाही. माझ्या मुलाला नोकरी लागत नव्हती तेव्हाही माझ्या पाठीवर हात ठेवून हेच. मी हात झटकला. पण रात्री झोप लागली.

त्यांचं घर माझ्या दुकानामागच्या गल्लीत, जिना चढून वर. एकटेच. बायको, सुमतीबाई, जाऊन काही वर्षं झालेली. मुलगी नागपूरला दिलेली. घरात एक छोटा फ्रिज आणि त्या फ्रिजमध्ये दुसरं काही नाही. भाजी नाही, दूध नाही. नुसत्या बाटल्या.

चहा करण्याची त्यांची रीत बघण्यासारखी होती. पाणी उकळलं की गॅस बंद करून थांबायचे, मग पत्ती टाकायची. झाकण ठेवायचं. चमचा घालून ढवळायचं नाही. मलमलच्या फडक्यातून गाळायचा, तो फडक्याला हात न लावता. मग चिनी मातीच्या बरणीत ओतून बरणीला ओलं फडकं गुंडाळायचं आणि खिडकीत ठेवायचं. आपोआप निवेपर्यंत फ्रिजचं दार उघडायचं नाही.

"गरम चहा बर्फात ढकलला की तो रागावतो," ते सांगत. "गढूळ होतो. मग काही करा, साफ होत नाही."

हे खरं आहे. मी चहावाला आहे, मला ठाऊक आहे. कडक चहा घाईनं थंड केला की ढगाळतो. पण मी तीस पोत्यांच्या गोदामात बसून जे कधी बोललो नाही ते हा माणूस देवाच्या आरतीसारखं बोलायचा.

फळांचं तसंच. फळ कापून त्यावर साखर भुरभुरायची आणि झाकून ठेवायचं. "पिळायचं नाही बिरादार. त्याला आपल्या मनानं रडू द्यायचं." जो रस सुटेल तो चहात.

पण ते फळ आणायचं कुणी? वसंतरावांना भाव करता येत नसे. मी एकदा त्यांच्याबरोबर द्राक्षं घ्यायला गेलो. गाडीवाला म्हणाला, "ले जाओ साब, शक्कर है शक्कर," आणि त्यानं तोंडाला येईल तो भाव सांगितला. वसंतराव म्हणाले, "बराबर."

बराबर! मला भर रस्त्यात चक्कर यायची पाळी. मी त्यांच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली.

"बराबर काय? तुम्हाला काय करायचंय बराबरीशी? तो सांगणार, तुम्ही हसायचं, निघून जायचं, तो हाक मारणार, मग तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचं!"

"पण मला तर ऐकू येतं."

"वसंतराव, तुम्ही त्या छत्रीखाली उभे राहा."

त्या दिवसापासून फळं मी आणू लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. पण एक माणूस डोळ्यांदेखत लुटला जातोय आणि आपण गप्प बसायचं, हे माझ्या धंद्याला शोभत नाही.

किती फळं झाली! अनाबशाही द्राक्षं उत्तम. मोसंबी बरी. कैरीचा चहा पिऊन मी एक डोळा मिटला तो संध्याकाळी उघडला. सीताफळाचा चहा म्हणजे ओल्या पोत्यात सांडलेली खीर. वसंतराव प्रत्येक घोटानंतर माझ्या तोंडाकडं बघत. मी शिव्या घातल्या की खूश. "आज दोनच शिव्या," म्हणायचे, "म्हणजे जवळ आलोय."

जांभळाचा चहा मात्र चांगला झाला होता, आणि त्यानंच घात केला. दुसऱ्या दिवशी बेगम बाजारात पत्तीचा सौदा होता. मी तावातावानं तोंड उघडलं आणि समोरचा व्यापारी भाव विसरून बघत राहिला. "क्या जी सेठ, जबान कू क्या हुआ?" शेजारचे चार दुकानदार गोळा झाले. जांभळी जीभ घेऊन भाव करता येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. माणूस कितीही चिडला तरी समोरच्याला हसू येतं. त्या दिवशी मी त्यानं सांगितलेल्या भावाला माल उचलला. आयुष्यात पहिल्यांदा 'बराबर' म्हणालो.

आता फसवणुकीकडं येतो.

ती वर्षं अशी होती की ज्याला त्याला कंपनी भेटत होती. परदेशी कोल्ड्रिंकं परत आली होती, गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं बूथ झालं होतं, आणि कुणाचा तरी भाचा कुणाच्या तरी कंपनीला लोणचं नाहीतर पापड विकत होता. एक दिवस वसंतराव म्हणाले, "बिरादार, मुंबईच्या कंपनीचे एक साहेब येणार आहेत. स्टेशनावर भेटले होते, त्यांची गाडी लेट होती. मी थर्मासमधला चहा दिला. म्हणाले, हा बाटलीत भरून विकण्यासारखा आहे, कधीतरी रविवारी घरी येतो. पण मला सौदा करता येत नाही. तुम्ही बसाल?"

मी बसेन का? वाघाला विचारायचं, शेळी बघाल का?

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता मी त्यांच्या घरी. घरी तसंही कुणाला खोळंबा नव्हता. चार वाजता आमच्याकडं टीव्हीवर सिनेमा, बायको आणि शेजारणी त्यात. मुलगा नव्या दुकानांतून कपडे आणतो, तिथं चिठ्ठीवर भाव लिहिलेला असतो, बोलायचं कामच नाही. "बाबा, फिक्स्ड प्राइस आहे, तुम्ही येऊ नका," म्हणतो. तेही अर्धं तेलुगूत. मराठीत मला कुणी काही विचारावं, असं घर उरलेलं नव्हतं.

वसंतराव तीन ग्लास मांडायचे. दोन साधे काचेचे. तिसरा निळ्या फुलांचा, काठाला टवका गेलेला. त्यावर मण्यांची विणलेली जाळी झाकलेली.

"साहेबाला टवका गेलेला ग्लास?" मी पहिल्याच रविवारी म्हणालो. "मोठ्या कंपनीचा माणूस तो!"

"त्याचीच सवय आहे," वसंतराव म्हणाले. मग घाईनं, "म्हणजे, आपल्याला. तो ग्लास लकी आहे."

मी सोडून दिलं. माझं लक्ष सौद्यात होतं.

साहेब आले नाहीत. सहा वाजले की वसंतराव जिन्याकडं एकदा बघायचे आणि म्हणायचे, "लेट आहेत, रद्द नाहीत." मग साहेबांचा ग्लास उचलून त्यातला चहा आमच्या दोघांत अर्धा अर्धा ओतायचे. इराण्याच्या हॉटेलात दोघांत एक चहा मागवतात तसा. "वन बाय टू," म्हणायचे, आणि ग्लास स्वतः धुवायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत.

दर रविवारी असंच. वाट बघताना आम्ही सौद्याची तालीम करायचो. वसंतराव साहेब व्हायचे आणि मी विकणारा. मी गुरगुरायचो, "एवढ्यात परवडत नाही साहेब." साहेब म्हणायचे, "बराबर, मग तुम्ही म्हणाल तसं." मी कपाळ बडवायचो. "असं कोणता साहेब बोलतो? मला उठवून लावा! अपमान करा माझा!" ते बिचारे अपमान शोधत बसायचे. शेवटी म्हणायचे, "तुमचा शर्ट जरा चुरगळलाय."

पुढचा उन्हाळा आला तरी साहेब येईनात, तेव्हा माझं डोकं फिरलं. माझ्या देखत माल सडतो हे मला सहन होत नाही. नारायणगुड्याला एका रेड्डीनं नवीन आइस्क्रीम पार्लर काढलं होतं, एसी लावून. मी त्याला गाठलं. तीन वेळा गेलो, दोन वेळा भांडलो, आणि एका रविवारी त्याला वसंतरावांच्या जिन्यावर उभा केला. वसंतरावांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, "उद्या खरा गिऱ्हाईक आणतोय. अनाबशाहीचा चहा करा. नेहमीसारखा."

त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, घाबरलेत.

रेड्डी बसला. वसंतरावांनी ग्लास पुढं केला. मी बघितलं. चहा गढूळ होता. तळ दिसत नव्हता, डबक्यातल्या पाण्यासारखा रंग. रेड्डीनं घोट घेतला. कडू. त्यानं रुमालानं तोंड पुसलं, तेलुगूत "चूद्दाम," म्हणजे बघू, म्हणाला आणि जिना उतरला तो परत काही बघायला आला नाही.

मी दार लावून घेतलं.

"वसंतराव, हा चहा तुम्ही उकळलात. आणि उकळता उकळता बर्फात ओतलात."

त्यांनी रेड्डीचा ग्लास माझ्यापासून लांब सरकवला.

"दोन उन्हाळ्यांत एकदा गढूळ झाला नाही तुमचा चहा. आजच कसा झाला? चहावाल्याला शिकवता? मुद्दाम केलंत. मला त्या रेड्डीसमोर हौला ठरवलंत, खुळा!"

"हौ," ते म्हणाले. "मुद्दाम केलं."

मी ओरडलो. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन गेली इतका ओरडलो. साहेब कुठल्या कंपनीचा, नाव सांगा, आत्ता खाली जाऊन फोन लावतो, म्हणालो. वसंतराव खिडकीतल्या रिकाम्या बरणीजवळ उभे होते. तिच्यावरचं फडकं सोडून त्याची घडी करू लागले.

"नाव विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "त्याची गाडी आली तेवढ्यात. येईन म्हणाला होता, हे खरं आहे. दोन-तीन रविवार मलाही वाटलं, येईल."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही येत होता."

मी खुर्चीत बसलो. राग होता, पण ठेवायला जागा सापडेना.

मग ते बोलले. मी विचारलं नव्हतं. म्हणाले, "बिरादार, मी जन्मभर घरी लेट आलो. गाडी लेट म्हणजे खिडकी लेट. हिचा चहा केलेला असायचा. माझ्याशिवाय प्यायची नाही. पुन्हा गरम करू म्हटलं तर नको म्हणायची, जळका लागतो. थंड झालेल्या चहात लिंबू नाहीतर दोन द्राक्षं कुस्करून टाकायची आणि म्हणायची, 'लेट आलात, आता शरबत प्या.' मला कधी लागेल असं बोलली नाही. मला वाटायचं, हिला असाच आवडतो."

ते निळ्या फुलांच्या ग्लासावरची जाळी सरळ करत होते.

"गरम चहाला माणूस वेळेवर यावा लागतो," म्हणाले. "हा चहा थांबतो. म्हणून हाच करतो. तो रेड्डी आज घेऊन गेला असता, तर पुढच्या रविवारी तुम्ही कशाला आला असता?"

मी म्हणालो, "तुम्ही मला फसवलंत."

"हौ."

"दोन उन्हाळे."

"हौ."

मग मी उठलो आणि तो गढूळ चहा, माझा आणि रेड्डीचा उरलेला, मोरीत ओतला. म्हणालो, "पुन्हा करा. नीट. मी थांबतो." निवायला वेळ लागतो. अंधार पडेपर्यंत थांबलो. साहेबांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, पण ग्लास तीनच मांडले गेले, आणि तिसरा वन बाय टू झाला.

त्यानंतरही काही महिने रविवार चालू राहिले. मग त्यांचे गुडघे गेले. जिना चढवेना. नागपूरची मुलगी आली आणि घेऊन गेली. चांगली मुलगी आहे, तिच्यावर माझी तक्रार नाही. काचीगुड्याच्या फलाटावर मी सोडायला गेलो. गाडी लेट होती. वसंतराव चाकाच्या खुर्चीत बसून आपल्या जुन्या खिडकीकडं बघत होते. तिथं आता काच लावली आहे आणि आत एक मुलगा कॉम्प्युटरकडं बघून बोलतो, माणसाकडं बघत नाही. जाताना त्यांनी माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. "फुटेल, जपून," म्हणाले. "अनाबशाही निघाली की येतो."

अनाबशाही निघाली. संपली. पुन्हा निघाली.

मी बूथवरून फोन करतो. मुलगी उचलते, नीट बोलते, आणि म्हणते, "काका, बाबा झोपलेत." रविवारी चार वाजता? वसंतराव धारूरकर चार वाजता झोपलेत? हे कुणाला सांगता?

आता माझी काय गत झाली आहे, ते बघा. मी चहाचा व्यापारी. गरम चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत मी पाणी उकळतो, थांबतो, पत्ती टाकतो. फळ पिळत नाही. बरणीला ओलं फडकं गुंडाळतो. तीन ग्लास मांडतो, त्यातला एक निळ्या फुलांचा, टवका गेलेला. चहा आरपार होतो, तळ दिसतो. आणि चाखून शिव्या घालायला समोर कुणी नाही. सहा वाजता वन बाय टू करायचं म्हणजे दोन माणसं लागतात, हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं.

म्हणून हे लिहितो आहे. नागपूरकडं कुणी वाचत असेल तर धारूरकरांना वाचून दाखवा. वसंतराव, तुम्ही खिडकीत बसलेला माणूस. हजारो लोकांनी विचारलं, तुम्ही एकालाही उत्तर दिल्याशिवाय पाठवलं नाही. मी आता रांगेत उभा आहे. भाव करत नाही, ओरडत नाही, जे सांगाल ते बराबर म्हणेन. पण उत्तर द्या.

लेट आहात, की रद्द?